मतपेटी गेली, पडदा राहिला

संक्रांत जवळ आली की झाडीपट्टीतील गावांना शंकरपटाचे वेध लागतात. भंडारा जिल्ह्यात लाखनी-साकोलीच्या परिसरात तोवर धानाची मळणी आटोपलेली असते. दाण आखली जाते, लांबलांबून जोड्या येतात, माणसांचा सागर लोटतो आणि निकाल सर्वांच्या डोळ्यांदेखत लागतो. धुरकरी कोणत्या गावचा, बैल कोणत्या घरचे, हे विचारून घड्याळ चालत नाही. हरलेला मालक खंतावतो, पुढच्या वर्षीची जिद्द बांधून घरी जातो. पण निकालच खोटा आहे असे तो सहसा म्हणत नाही. जे त्याने पाहिले तेच हजारो डोळ्यांनी पाहिलेले असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयामुळे ही परंपरा काही वर्षे खंडित झाली होती. २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला आणि तिची वाट पूर्ण मोकळी झाली. पटाच्या रात्री त्याच गावात झाडीपट्टीचे नाटक रंगते. तेथेही निकाल रोखठोक असतो. नाटक रुचले तर प्रेक्षक पहाट होईपर्यंत बसतो, न रुचले तर घोंगडी उचलून चालू लागतो.

साहित्याचे मोजमाप घड्याळावर होत नाही, हे उघड आहे. कवितेची धाव सेकंदांत मोजता येत नाही आणि कादंबरीचे यश तिकीटविक्रीवरून ठरत नाही. म्हणूनच साहित्यात परीक्षक लागतो. आणि जेथे मोजमाप नसते, केवळ निर्णय असतो, तेथे निर्णय देणाऱ्याची जबाबदारी पटाच्या पंचापेक्षा कितीतरी मोठी असते. पंचाने काही न बोलता बोट दाखविले तरी चालते, कारण सर्वांनी शर्यत पाहिलेली असते. साहित्याच्या परीक्षकाने मात्र ‘का’ ते सांगितले पाहिजे. मराठी साहित्यव्यवहारात गेली कित्येक दशके सन्मान, पुरस्कार आणि अध्यक्षपदे यांवरून जे वाद झडत आहेत, त्यांच्या मुळाशी हे न सांगितलेले ‘का’ आहे.

या वादांचे सर्वांत ठळक उदाहरण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली १८७८ साली पुण्यात पहिले ग्रंथकार संमेलन भरले. ज्या पीठावर पुढे १९३८ साली मुंबईत स्वातंत्र्यवीर सावरकर बसले, ज्या पीठावरून १९७५ साली कऱ्हाड येथे दुर्गा भागवतांनी आणीबाणीच्या सावटातही आपला निर्भय आवाज उमटविला, ते पीठ म्हणजे मराठी समाजाने आपल्या लेखकाला दिलेला सर्वोच्च मान. हा मान कोणाला द्यायचा याचा निर्णय १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाच्या छत्राखाली दीर्घकाळ मतदानाने होत राहिला. मतदार किती? बारा कोटींच्या घरात लोकसंख्या असलेल्या महाराष्ट्रात आणि बृहन्महाराष्ट्रात मिळून जेमतेम हजार-अकराशे! महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ, विदर्भ साहित्य संघ आणि मराठवाडा साहित्य परिषद या चार घटक संस्थांच्या वाट्याला प्रत्येकी पावणेदोनशेच्या आसपास, आणि उरलेली मते बृहन्महाराष्ट्रातील संस्था, निमंत्रक संस्था आणि माजी अध्यक्ष यांच्याकडे.

विदर्भाचेच गणित मांडून पाहावे. १९२३ साली अमरावतीत स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाच्या वाट्याची मते अकरा जिल्ह्यांत अगदी समान वाटली, असे धरले तरी जिल्ह्यामागे पंधरा-सोळा मते येतात. भंडारा जिल्ह्याचे सात तालुके. म्हणजे तुमसरच्या, पवनीच्या किंवा लाखांदूरच्या एखाद्या तालुक्यातून दोन माणसे मराठी साहित्याचा सर्वोच्च मानकरी ठरविणार. ती दोन माणसे कोण, त्यांची नावे यादीत कोणी घातली, त्यांनी उमेदवारांचे काय वाचले आहे, हे प्रश्न त्या तालुक्यातील वाचनालयात नियमितपणे जाणाऱ्या वाचकानेही कधी विचारले नाहीत. कारण असे काही मतदान होते याचीच त्याला गंधवार्ता नसे. अध्यक्ष ‘मराठी जनांचा’ म्हणविला जाई, पण तो निवडणाऱ्या जनांना मोजायला एक मध्यम आकाराचे सभागृह पुरले असते.

मतदारसंख्या लहान असणे हा स्वतः दोष नव्हे. मोजक्या जाणकारांनी विचारपूर्वक दिलेला कौल हा हजारोंच्या उदासीन मतापेक्षा मोलाचा असू शकतो. दोष होता तो पद्धतीत. मतपत्रिका टपालाने घरी येत आणि टपालाने परत जात. मत गुप्त राहील याची हमी पाकिटापुरती होती. कोऱ्या मतपत्रिका गोळा करून एकगठ्ठा भरल्या जातात, ही तक्रार अनेक निवडणुकांत जाहीरपणे झाली. उमेदवारांना गावोगावी हिंडून मतदारांच्या गाठीभेटी घ्याव्या लागत. ज्याने आयुष्यभर लेखणीशिवाय कशाचाही आधार घेतला नाही, त्याने उतारवयात मतांची याचना करत दारोदार जावे, यात मानापेक्षा अवमानच अधिक होता.

त्याचा परिणाम काय झाला, हे सांगण्यासाठी दोन दाखले पुरेसे आहेत. १९९२ च्या कोल्हापूर संमेलनाच्या निवडणुकीत इंदिरा संत पराभूत झाल्या आणि रमेश मंत्री निवडून आले. मंत्री यांच्या विनोदी लेखनाचा वाचकवर्ग मोठा होता आणि ते नियमानुसारच निवडून आले होते. त्यांच्यावर ठपका ठेवण्याचे कारण नाही. परंतु मराठी कवितेच्या वाचकाला तो निकाल आजही सलतो. दुसरा दाखला ज्ञानपीठाचा. मराठीला ज्यांनी हा सन्मान मिळवून दिला ते चार लेखक म्हणजे वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे. पैकी खांडेकर १९४१ साली सोलापूरला आणि कुसुमाग्रज १९६४ साली मडगावला संमेलनाध्यक्ष झाले. करंदीकर आणि नेमाडे यांची नावे मात्र अध्यक्षांच्या यादीत नाहीत. विजय तेंडुलकरांचे नाव नाही, नागपूरच्या ग्रेस यांचेही नाही. ज्या यादीत अशी माणसे नाहीत, ती यादी या माणसांविषयी काही सांगत नाही. ती निवडीच्या पद्धतीविषयी सांगते.

या पार्श्वभूमीवर २०१८ साली महामंडळाने घटनादुरुस्ती करून निवडणूक बंद केली, हे पाऊल स्वागतार्हच होते. महामंडळाचे कार्यालय तेव्हा नागपुरात, विदर्भ साहित्य संघाकडे होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत झालेले बडोद्याचे संमेलन हे निवडून आलेल्या अध्यक्षाचे शेवटचे संमेलन ठरले. त्यानंतर घटक, समाविष्ट आणि संलग्न संस्था नावे सुचवू लागल्या आणि महामंडळाची बैठक त्यांतून एक नाव सन्मानाने निश्चित करू लागली. २०१९ च्या यवतमाळ संमेलनासाठी डॉ. अरुणा ढेरे यांची झालेली निवड ही या पद्धतीची पहिली निवड. फळे लगेच दिसली. १८७८ पासून २०१८ पर्यंतच्या एकशेचाळीस वर्षांत कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके आणि विजया राजाध्यक्ष या चारच लेखिका अध्यक्ष झाल्या होत्या. नव्या पद्धतीत अवघ्या सात वर्षांत दोन झाल्या: अरुणा ढेरे आणि २०२५ च्या दिल्ली संमेलनाच्या डॉ. तारा भवाळकर. निवडणुकीच्या वाटेला बहुधा कधीच न गेलेले शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. बडोद्याच्या निवडणुकीत पराभूत झालेले डॉ. रवींद्र शोभणे २०२४ साली अमळनेरचे अध्यक्ष म्हणून सन्मानाने निवडले गेले. लेखक तोच, लेखन तेच. मतांच्या गणितात जो नापास झाला, तो विचारविनिमयात उत्तीर्ण झाला.

मग तक्रार कशाची? तक्रार अशी की मतपेटी गेली, पण पडदा तसाच राहिला. पूर्वी निदान उमेदवारांची नावे जाहीर होत, मतमोजणी होई, कोणाला किती मते पडली ते दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत छापून येई. आता बंद दाराआड बैठक भरते आणि बाहेर एक नाव येते. कोणत्या नावांचा विचार झाला, कोणत्या निकषावर झाला, कोणत्या कारणाने हेच नाव ठरले, यांपैकी काहीही लेखी स्वरूपात समाजापुढे ठेवले जात नाही. बैठकीआधी महिनाभर वृत्तपत्रांत नावांच्या चर्चा रंगतात, कोण कोणाच्या जवळचा याचे आडाखे बांधले जातात, आणि जे नाव जाहीर होते त्याला कर्तृत्व असूनही संशयाची किनार लागते. हा अन्याय सर्वांत अधिक होतो तो निवडलेल्या लेखकावरच. जो मान निर्मळपणे त्याच्या पदरात पडायला हवा, तो ‘कोणी दिला आणि का दिला’ या कुजबुजीसह पडतो.

येथे एका मूलभूत गोष्टीचा विचार करणे अगत्याचे आहे. राजकीय निवडणुकीत मत गुप्त असते आणि ते तसेच असले पाहिजे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत शेतमजुराचे मत उघड झाले तर सावकार, मालक किंवा गावगुंड त्याचा सूड उगवू शकतो. तेथे गुप्तता ही दुर्बलाची ढाल आहे. साहित्याच्या परीक्षकाची स्थिती नेमकी उलट असते. तो दुर्बल नसतो. त्या क्षणी सत्ता त्याच्याच हाती असते. एका लेखकाला तो मान देऊ शकतो आणि दुसऱ्याला अंधारात ठेवू शकतो. अशा वेळी गुप्तता दुर्बलाचे रक्षण करीत नाही, ती सत्तेचे रक्षण करते. मतदाराला आपल्या मताचे कारण सांगण्याचे बंधन नाही, कारण ते मत म्हणजे त्याचा हक्क आहे. परीक्षकाचे मत हा त्याचा हक्क नव्हे, ती समाजाने त्याच्याकडे सोपविलेली ठेव आहे. आणि ठेवीचा हिशेब द्यावा लागतो. मराठी साहित्यसंस्थांची गफलत झाली ती येथे. त्यांनी परीक्षकाला मतदाराची गुप्तता बहाल केली आणि हिशेब मागण्याची सोयच बंद करून टाकली.

हा विचार काही पश्चिमेकडून उसना आणलेला नाही. बृहदारण्यकोपनिषदातील जनकाची सभा आठवावी. राजाने सहस्र गाईंच्या शिंगांना सुवर्ण बांधले आणि सांगितले की जो ब्रह्मिष्ठ असेल त्याने त्या न्याव्यात. याज्ञवल्क्याने शिष्याला गाई हाकायला सांगितल्या, आणि सभा खवळली. पण पुढे काय झाले? कोणी गुप्त मतदान घेतले नाही, कोणी राजाच्या कानाशी लागले नाही. भर सभेत एकेक विद्वान उठला आणि प्रश्न विचारू लागला. गार्गीने दोनदा विचारले, आणि याला कोणी जिंकू शकणार नाही हा निर्वाळाही तिनेच सभेला दिला. आपल्याकडील विद्वत्सन्मानाचा हा आद्य दाखला आहे. पुरस्कार घेणाऱ्याने प्रश्नांना तोंड दिले आणि जो निर्णय झाला तो उपस्थितांच्या साक्षीने झाला.

दुसरा दाखला अधिक व्यावहारिक आहे. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथे चोळ राजा परांतक पहिला याच्या काळातील, दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शिलालेख आहेत. ग्रामसभेच्या समित्यांवर माणसे कशी निवडावीत याचे नियम तेथे दगडावर कोरले आहेत. पात्र व्यक्तींची नावे ताडपत्रांच्या तुकड्यांवर लिहून घटात टाकावीत आणि सर्व सभेसमोर एका लहान मुलाच्या हातून काढवावीत, अशी ती रीत. त्याहून महत्त्वाचा आहे तो अपात्रतेचा नियम. ज्याने पूर्वी समितीवर काम करून हिशेब दिला नसेल तो अपात्र, आणि त्याचे नातेवाईकही अपात्र. अकराशे वर्षांपूर्वी एका गावाला जे सुचले आणि त्याने जे दगडावर कोरून सर्वांना वाचायला मोकळे ठेवले, ते आजच्या साहित्यसंस्थांना कागदावरही उतरविता येऊ नये, हे नवल आहे.

पडद्यामुळे किती मोठी संस्था डळमळू शकते, याचा अनुभव जगानेही घेतला आहे. मराठी महामंडळाने निवडणूक रद्द केली त्याच २०१८ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक जाहीरच होऊ शकले नाही. अठरा आसनांच्या स्वीडिश अकादमीत आरोप, गोपनीयतेचा भंग आणि हितसंबंधांचे वाद इतके विकोपाला गेले की काही सदस्यांनी अंग काढून घेतले आणि पारितोषिक वर्षभर पुढे ढकलावे लागले. २०१९ मध्ये दोन वर्षांची पारितोषिके एकत्र जाहीर झाली, आणि निवड समितीत अकादमीबाहेरची माणसे घ्यावी लागली. विशेष म्हणजे नोबेलच्या नामांकनांची कागदपत्रे पन्नास वर्षे बंद असतात, पण पन्नास वर्षांनी ती अभ्यासकांना खुली होतात. म्हणजे तेथील परीक्षकाला हे ठाऊक असते की आपण आज काय लिहिले ते उद्या नातवंडांची पिढी वाचणार आहे. मराठीत मात्र पन्नास वर्षांपूर्वीची कोणती निवड कोणत्या कारणाने झाली हे अभ्यासकाला हवे असेल, तर आठवणी, आत्मचरित्रे आणि ऐकीव कथा यांवरच भिस्त ठेवावी लागते.

शासकीय पुरस्कारांचेही तेच. ६ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र शासनाचे वाङ्मय पुरस्कार जाहीर झाले. त्यांत कोबाड गांधी यांच्या तुरुंगातील आठवणींच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादासाठी अनघा लेले यांना अनुवादाचा पुरस्कार होता. वाद उठला आणि १२ डिसेंबर रोजी शासनाने तो पुरस्कार रद्द करून निवड करणारी समितीही बरखास्त केली. पाठोपाठ राजीनामे आणि पुरस्कार परत करण्याचे प्रकार झाले. भंडाऱ्याच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याने माओवादी हिंसेत पोलीस जवान, आदिवासी पाटील आणि सामान्य गावकरी गमावले आहेत. त्या चळवळीचा नेता म्हणून ज्याच्यावर खटले चालले, त्याच्या पुस्तकाचा सन्मान सरकारी तिजोरीतून व्हावा का, हा प्रश्न विचारणाऱ्यांना कोणीही संकुचित ठरवू नये. प्रश्न रास्तच होता. पण तो विचारण्याची वेळ पुरस्कारानंतरची नव्हती आणि उत्तर देण्याची पद्धतही ती नव्हती. अनुवादाचे मूल्यमापन करताना केवळ भाषांतराची गुणवत्ता पाहायची की मूळ पुस्तकाचा आशयही, हे नियमांत आधीच स्पष्ट असायला हवे होते. निवड समितीने आपल्या निर्णयाची कारणे लेखी दिली असती, तर शासनाला त्यांचा लेखी प्रतिवाद करावा लागला असता. प्रत्यक्षात समितीची कारणे लोकांसमोर आली नाहीत आणि शासनाने ‘प्रशासकीय कारण’ एवढेच सांगितले. निकाल आपल्या मनासारखा लागला म्हणून या पद्धतीवर संतुष्ट राहणे शहाणपणाचे नाही. आज ज्या दोन शब्दांनी एक पुरस्कार मागे घेतला गेला, त्याच दोन शब्दांनी उद्या सत्ता पालटल्यावर दुसरा मागे घेतला जाईल, आणि तेव्हा तक्रार करायला आधार उरणार नाही. नियम हा आपल्या बाजूचा नसतो आणि विरुद्ध बाजूचाही नसतो. म्हणूनच तो नियम असतो.

मोठ्या संस्थांचा हा दोष लहान गावांपर्यंत झिरपतो, ही खरी चिंतेची बाब आहे. भंडारा जिल्हा हा साहित्याच्या नकाशावरचा दुर्लक्षित कोपरा मानला जातो. तो तसा नाही. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी भवभूतीचे पद्मपूर आमगावजवळचे असल्याचे मांडले. १९९९ साली गोंदिया वेगळा होईपर्यंत ते भंडारा जिल्ह्यातच होते. आपल्या काळातील रसिकांनी आपली कदर केली नाही, हे शल्य ज्या नाटककाराने आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवले, तो या मातीशी नाते सांगतो, हा योगायोग बोलका आहे. ज्या नवेगावबांधच्या अरण्यात मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून वर्षे काढली आणि पाखरांची, झाडांची, माणसांची नवी परिभाषा मराठीला दिली, ते नवेगावबांधही तेव्हा याच जिल्ह्यात होते. २००६ साली ते सोलापूरच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. साकोलीत राहून डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा अभ्यास उभा केला आणि १९९२ पासून झाडीबोली साहित्य संमेलने खेड्यापाड्यांत भरू लागली. दंडार, खडीगंमत यांची परंपरा असलेल्या आणि तलावांच्या काठी वसलेल्या या प्रदेशात लिहिणाऱ्यांची वाण नाही. वाण आहे ती त्यांना खरे काय ते सांगणाऱ्यांची.

कारण आज जिल्ह्याजिल्ह्यांत पुरस्कारांचे पीक आले आहे. प्रवेशशुल्कासह पुस्तकाच्या दोन-तीन प्रती मागविल्या जातात. परीक्षक कोण, हे कळत नाही. काही महिन्यांनी दूरध्वनी येतो, सभागृहात पंधरा-वीस जणांना एकामागोमाग स्मृतिचिन्हे दिली जातात, छायाचित्र निघते आणि सोहळा संपतो. कोठे कोठे तर भ्रमणध्वनीवरून मते मागविली जातात, आणि ज्याचा गोतावळा मोठा तो श्रेष्ठ कवी ठरतो. मोहाडीच्या शाळेत शिकविणारा एखादा तरुण कवी आपला पहिला संग्रह पदरमोड करून छापतो. त्याला पुरस्कार मिळाला तर का मिळाला ते कळत नाही, आणि न मिळाला तर कोठे कमी पडलो तेही कळत नाही. पहिल्या प्रसंगी तो फुगतो, दुसऱ्या प्रसंगी कटू होतो. दोन्ही प्रसंगी त्याची कविता मात्र आहे तेथेच राहते. लेखक घडविणे हे सन्मानाचे प्रयोजन; नि:शब्द सन्मानाने ते साधत नाही.

पारदर्शकतेला दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की परीक्षकांची नावे उघड झाली तर त्यांच्यावर दबाव येईल आणि चांगली माणसे हे काम स्वीकारणार नाहीत. हा आक्षेप निराधार नाही. लहान गावात सर्व जण सर्वांना ओळखतात, आणि नाराज लेखक वर्षानुवर्षे अबोला धरतो. त्यावर उपाय एवढाच की नावे आधी नव्हे, निकालासोबत जाहीर व्हावीत. काम चालू असताना गोपनीयता, काम संपल्यावर उत्तरदायित्व. दुसरा आक्षेप असा की ज्यांची निवड झाली नाही त्यांची नावे उघड केल्यास ज्येष्ठांचा अवमान होतो. हाही विचार करण्याजोगा आहे. पण कोणाला का नाकारले हे सांगण्याची गरज नाही. ज्याला स्वीकारले त्याला का स्वीकारले, एवढेच सांगायचे आहे. त्यात कोणाचाही अवमान नाही. उलट ज्याचा मान झाला त्याच्या लेखनाचे ते पहिले गंभीर परीक्षण ठरेल.

म्हणून महामंडळ, शासनाची मंडळे आणि जिल्ह्यातील साहित्यसंस्था यांनी चार साध्या गोष्टी घटनेत किंवा नियमावलीत लिहून टाकाव्यात. निकष प्रवेशिका मागविण्याआधी छापावेत आणि निकालापर्यंत बदलू नयेत. परीक्षकाचा नातेवाईक, शिष्य, प्रकाशक किंवा ज्या पुस्तकाला त्याने प्रस्तावना लिहिली आहे त्याचा लेखक स्पर्धेत असेल, तर त्या परीक्षकाने बाजूला व्हावे आणि तसे नोंदवावे. निकालासोबत परीक्षकांची नावे आणि निवडीची कारणे सांगणारे किमान एक पान प्रसिद्ध करावे. आणि बैठकांची इतिवृत्ते जतन करून ठरावीक वर्षांनी अभ्यासकांना खुली करावीत. या चारही गोष्टींना पैसा लागत नाही, इमारत लागत नाही, शासनाचे अनुदान लागत नाही. यासाठी मुंबई-पुण्याकडे पाहत बसण्याचेही कारण नाही. भंडारा, तुमसर किंवा साकोलीच्या एखाद्या मंडळाने येत्या वर्षीच्या आपल्या लहानशा पुरस्कारापासून सुरुवात केली, तरी मोठ्यांना तोंड लपवावे लागेल.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०२६ च्या प्रारंभी साताऱ्यात संमेलनांच्या मालिकेतील नव्व्याण्णवावे संमेलन योजले गेले. शंभराव्याचा मान मराठी समाजापुढे उभा आहे. शंभराव्या संमेलनाच्या मांडवात ग्रंथदिंडी निघेल, रोषणाई होईल, स्वागताध्यक्षांची भाषणे होतील. त्या मांडवात अध्यक्षांच्या भाषणाच्या पुस्तिकेबरोबर आणखी एक कागद वाटला जावा. या लेखकाची निवड कोणी केली आणि का केली, हे त्यावर लिहिलेले असावे. रानड्यांपासून चालत आलेल्या मालिकेला याहून उचित अशी शंभरी साजरी करता येणार नाही. पटाच्या दाणीवर हरलेला माणूस मान ताठ ठेवून घरी जातो, कारण त्याने निकाल पाहिलेला असतो. सरस्वतीच्या दाराशी आलेल्या लेखकालाही तितक्याच ताठ मानेने परतता यावे, एवढीच ही मागणी आहे.